या चुका टाळा: माया पात्यांचा दगड कुठला, हे शोधताना

तिकाल हे ग्वाटेमालातलं प्राचीन माया संस्कृतीचं शहर. त्याच्या आसपास सगळा चुनखडक. तिथं ऑब्सिडियनचं, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेचं पातं सापडलं की ते बाहेरून आलंय हे उघडच असतं. बहुतेकदा हा दगड ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातल्या एल चायाल, इश्तेपेके किंवा सान मार्तिन हिलोतेपेके इथला निघतो. यातलं एल चायाल तिकालपासून सरळ रेषेतही अडीचशे किलोमीटरांहून दूर आहे. पण तिघांपैकी नेमकं कुठलं, हे ठरवताना घोळ होतात.

रंगावर विसंबू नका. हिरवी झाक दिसली की मध्य मेक्सिकोतलं पाचुका, हे बहुतेकदा बरोबर येतं. पण मेक्सिकोतल्याच तुलान्सिंगोचा दगडही हिरवट असतो. राखाडी तुकडे उजेडासमोर धरून सरावलेली नजर बरंच ओळखते. तरी त्यातले काही तुकडे रासायनिक चाचणीने पडताळल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने, म्हणजे क्ष-किरण टाकून दगडातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राने, पातळ पाती मोजताना. इथं रुबिडियम, स्ट्रॉन्शियम आणि झिर्कोनियम यांचं प्रमाण पाहतात. या मूलद्रव्यांचे क्ष-किरण ऑब्सिडियनमध्ये काही मिलिमीटर खोलीवरूनही बाहेर येतात. पातं त्याहून पातळ असेल, किंवा यंत्राची खिडकी, म्हणजे किरण ये-जा करतात ते तोंड, पुरती झाकत नसेल, तर आकडे खरे असतात त्यापेक्षा कमी येतात. मग एल चायालचं पातं कुठल्याच गटात बसत नाही आणि ‘अज्ञात स्रोत’ म्हणून नोंदलं जातं. माया पाती मुळात नाजूक, त्यामुळे हे वारंवार घडतं. अशा वेळी सुटे आकडे बाजूला ठेवून रुबिडियम–स्ट्रॉन्शियम, स्ट्रॉन्शियम–झिर्कोनियम अशी गुणोत्तरं पाहा. तुकडा पातळ असला तरी ती बरीचशी टिकून राहतात. पात्याची जाडी नोंदवा, माती धुवून काढा आणि सपाट बाजू यंत्राकडे ठेवा.

आपले आकडे दुसऱ्याच्या यंत्राच्या आकड्यांशी थेट जुळवू नका. आरजीएम-२ सारखा प्रमाणित नमुना (ज्यातली प्रमाणं आधीच ठाऊक असतात) आणि खाणीवरून आणलेले दगड आपल्याच यंत्रावर आधी मोजा.

चर्टला, म्हणजे गारगोटीसारख्या कठीण दगडाला, हीच पद्धत जशीच्या तशी लावू नये. बेलीझमधल्या कोल्हा इथल्या चर्टची हत्यारं प्रसिद्ध आहेत, पण एकाच थरातल्या चर्टची घडणही जागोजागी बदलते. थोड्या नमुन्यांवर भागत नाही.

आणि उगम कळला म्हणजे दगड आला कसा हेही कळलं, असं धरून चालू नका. इश्तेपेकेचा दगड नदीने, समुद्रकिनाऱ्याने किंवा चार बाजार फिरून आलेला असू शकतो. त्यासाठी पात्यांबरोबर गाभे (ज्यातून पाती काढतात ते दगड) आणि घडवताना उडालेले छिलकेही मोजायला हवेत. फक्त तयार पाती मिळाली आणि घडवताना पडलेला कचरा कुठंच नाही, तर ती दुसरीकडे घडवून आणली असण्याची शक्यता मोठी. नुसती सुबक पाती निवडून चाचणीला पाठवली, तर ही शक्यता तपासताच येत नाही.