कापडासाठी केल्प (मोठ्या पानांचं तपकिरी समुद्री शेवाळ) लावलंय? पाणी तापायच्या आत कापणी उरका

थंडी सरून समुद्राचं पाणी तापायला लागलं की केल्प लावलेली दोरी वरचेवर उचलून पानं बघत जा, कारण याच दिवसांत पानावर पांढरट बारीक जाळी चढते, त्या समुद्री जीवांच्या वसाहती असतात आणि एकदा पसरल्या की पान ठिसूळ होऊन टोकाकडून तुटायला लागतं. जाळी दिसायला लागली की अजून थोडं वजन भरेल म्हणून थांबू नका, सरळ कापायला घ्या. दुसऱ्यांदा वाढवायचं असेल तर देठ-पानाच्या सांध्याच्या वर थोडं पान ठेवून कापा, नवीन वाढ त्या सांध्यातूनच होते.

आता खरा मुद्दा वाळवणीचा. धागा निघतो तो तपकिरी शेवाळातल्या अल्जिनेट या चिकट पदार्थापासून, त्याचं घट्ट द्रावण बारीक छिद्रांतून कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडलं की तिथल्या तिथे तंतू तयार होतो. पण द्रावणाला चिकटपणाच नसेल तर तंतू धरतच नाही, आणि तो चिकटपणा आपल्याच हातून वाया जातो, ओला माल ढिगात तापला की गेला, ड्रायरचं टेंपरेचर जास्त ठेवलं तरी गेला. म्हणून कापलेला माल समुद्राच्याच पाण्यात खळबळून त्याच दिवशी टांगा किंवा जाळीच्या मांडवावर पातळ पसरा, वाळूवर अजिबात नको, आणि पावसाचा अंदाज असेल तर त्या दिवशी कापूच नका. वाळलेला मालही कोरड्या, थंड जागी ठेवून लवकर द्या, पडून राहिला की चिकटपणा उतरत जातो.

लाल शेवाळ यात मिसळू नका प्लीज, त्यातून कॅरॅजीनन किंवा अगार मिळतं, अल्जिनेट नाही.

आणि घेणाऱ्याला आधीच विचारा की माल नक्की कशाला हवाय. सीसेल या ब्रँडसारख्या शेवाळमिश्रित कापडात बहुतेक भाग लाकडाच्या लगद्याचा असतो, शेवाळाची पूड त्यात थोडीच जाते. निव्वळ अल्जिनेटचा धागा साबणाच्या पाण्यात विरघळू शकतो, त्यामुळे रोजच्या कपड्यांसाठी त्याच्यावर अजून काम चालूय, सगळ्या दोऱ्या याच्याच भरवशावर लावू नका. शेवाळ पाण्यातले जड धातू ओढून घेतं आणि कापड तर थेट अंगाला लागणार, तेव्हा कारखान्याचं किंवा बंदराचं सांडपाणी येत असेल तिथला माल टेस्ट केल्याशिवाय देऊच नका.