काम चालू आहे, पण पुढे सरकत नाही? इंजिनियरांनो, या चुका टाळा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एखाद्या ट्रान्सफॉर्मर कारखान्याच्या डिझाइन विभागात भर दुपारी डोकावलं, तर मान वर करायला कुणाला फुरसत नसते. तरीही डिस्पॅचची तारीख हुकते. मग हजेरी कडक होते, रोजचा रिपोर्ट सुरू होतो. इथे निदानच चुकतं. माणसं रिकामी बसलेली नसतात, काम पडून असतं: कुणाच्या सहीसाठी, ग्राहकाच्या मंजुरीसाठी, एका उत्तरासाठी. ज्या बडोद्यात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू करून तंत्रशिक्षणाला मान दिला, तिथल्या इंजिनियरचा निम्मा जीव वाट पाहण्यात जावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून आधी एक आठवडा अडलेल्या प्रत्येक कामासमोर या दोन वेळांची नोंद करा: ते हातात घेता आलं असतं केव्हा आणि प्रत्यक्षात घेतलं केव्हा. या दोन्हींमधलं अंतर पाहिलं की दुखणं कुठे आहे ते दिसतं. बहुतेक वेळा ते खालीलपैकी एखाद्या ठिकाणी सापडतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं ड्रॉइंग

‘जरा बघून घ्या’ म्हणून जीए ड्रॉइंगचा (यंत्राची एकूण मांडणी दाखवणाऱ्या आराखड्याचा) फोटो ग्रुपवर टाकला जातो. फॅब्रिकेशनवाला तो सेव्ह करून ठेवतो. दोन दिवसांनी ग्राहकाची कॉमेंट येते, केबल बॉक्स दुसऱ्या बाजूला जातो, नवी रिव्हिजन निघते, पण ती मेलवर. ट्रान्सफॉर्मरची टाकी मात्र जुन्या फोटोवरून तयार झालेली असते. आता कटिंग, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा लीक टेस्ट, पुन्हा रंग. पाच मिनिटं वाचवण्यासाठी केलेली सोय अख्खी शिफ्ट खाते, आणि वर डिझाइन आणि शॉप (उत्पादन विभाग) यांच्यात जो कडवटपणा येतो तो वेगळाच.

ग्रुपवर चर्चा खुशाल करा, पण उत्पादनासाठीचं ड्रॉइंग एकाच फोल्डरमधून निघू द्या. नवी रिव्हिजन देताना जुनी छापील प्रत परत घ्या. ती शॉपवर राहिली तर कधी ना कधी कुणीतरी ती वापरणारच. काय बदललं ते ड्रॉइंगवर त्या भागाभोवती ढगासारखी रेघ काढून दाखवा आणि रिव्हिजनच्या रकान्यात एका ओळीत लिहा. ‘अ‍ॅज पर कस्टमर’ एवढं लिहून कुणालाच काही कळत नाही.

चेकरला गच्च भरणं

माणूस शंभर टक्के गुंतलेला असला की आपण त्याचा पुरेपूर उपयोग केला, असं व्यवस्थापनाला वाटतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग यांनी १९०९ पासून ज्या रांगेच्या गणिताचा पाया घातला, ते गणित वेगळं सांगतं. समजा, ड्रॉइंग तपासून सही करणारा एकच चेकर आहे, एका ड्रॉइंगला सरासरी एक तास लागतो, आणि कामं कधी एकदम येतात, कधी येतच नाहीत. तो निम्मा वेळ गुंतलेला असेल, तर नव्या ड्रॉइंगला सरासरी एक तास थांबावं लागतं. ऐंशी टक्के गुंतला तर चार तास. नव्वद टक्क्यांवर नऊ तास, म्हणजे आठ तासांच्या दिवसापेक्षा जास्त. हा साधा नमुना आहे, प्रत्यक्षातले आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण भार वाढत गेला की रांग एकदम फुगते, हे तुमच्याही टेबलावर खरं ठरेल.

त्यामुळे ज्याच्या सहीवाचून काम अडतं, त्याला पूर्ण भरू नका. त्याच्याकडची मीटिंग, एक्सेल आणि पाहुण्यांना प्लांट दाखवणं ही कामं दुसऱ्याकडे द्या. टीमलीडरच चेकर असेल, तर सकाळचे दोन तास फक्त चेकिंगचे ठेवा.

सगळंच उघडं

ही चूक टीमचीही असते आणि एकट्याचीही. टीम रोज तीन ड्रॉइंग पुरी करते आणि तीस उघडी, म्हणजे सुरू करून अपुरी राहिलेली आहेत, तर एक ड्रॉइंग सरासरी दहा दिवस टेबलावर राहणार. जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम अगदी साधा भागाकार आहे. नवं उघडण्याआधी जुनं एक बंद करा.

उशिरापर्यंत बसणाऱ्याला शाबासकी देण्याची पद्धतही सोडा. थकलेल्या डोळ्यांनी तपासलेला बीओएम (लागणाऱ्या मालाची यादी) दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावा लागतो.

शिफ्ट बदलताना ‘सब चालू है’

बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या केमिकल प्लांटमध्ये किंवा कोयलीच्या रिफायनरीत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेलफलाटावर १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. ती माहिती पुढच्या शिफ्टपर्यंत पोचली नाही आणि रात्री तोच पंप सुरू केला गेला. सगळ्याच कारखान्यांत किंमत इतकी भयंकर नसते, पण चूक तीच असते: अर्धवट काम तोंडी सांगून निघून जाणं.

लॉगबुकमध्ये काय पूर्ण झालं यापेक्षा काय अर्धवट आहे ते आधी लिहा. काय उघडं आहे, काय काढलेलं आहे, कोणत्या परमिटवर (कामाच्या लेखी परवानगीवर), आणि कुणाच्या उत्तराची वाट आहे. ‘थई जशे’ (होऊन जाईल) हे उत्तर मिळालं असेल, तर कोण करणार आणि कधी, हे विचारून तेही लिहा. मग येणाऱ्याला सोबत घेऊन त्या यंत्रापर्यंत चालत जा, काढलेला भाग बोटाने दाखवा, आणि दोघांची सही झाल्यावरच गेटकडे वळा.