खुर्चीतून न उठता व्यायाम: आत्यासाठी घरीच बनवलेलं सामान

आमच्या आत्याला लहानपणी पोलिओ झाला, गेली बारा वर्षं ती व्हीलचेअरवर आहे, राहते लालबागला चाळीत तळमजल्यावर, दहा बाय पंधराची खोली. शुगर वाढली तसं डॉक्टर म्हणाले व्यायाम सुरू करा, आणि मग चाळीतल्या प्रत्येकाने एकेक मशीन सुचवलं, त्यातलं एकही बसल्या जागेवरून आणि घरात दुसरं कोणी नसताना वापरता येण्यासारखं नव्हतं. शेवटी मी आणि आमच्या ओळखीचे एक सुतारमिस्त्री, दोघांनी मिळून खटाटोप केला. क्रमाने लिहितोय, चुकांसकट.

आधी एकच अट घालून घ्या. सामान काढणं, अडकवणं, सोडवणं, परत ठेवणं, सगळं त्या माणसाला एकट्याला जमलं पाहिजे. दर वेळी सुनेला हाक मारावी लागली ना, की पंधरा दिवसांत त्याच्यावर टॉवेल वाळत पडलेले दिसणार, आमच्याकडे दिसले!

पहिलं काम, टेप घेऊन बसा. माणूस खुर्चीत बसलेला असताना जमिनीपासून खांदा किती उंच, गुडघा किती उंच, बसल्या जागी हात वर किती जातो, खाली वाकून किती खाली जातो, आणि वाकल्यावर तोल राहतो का. व्हीलचेअरला पूर्ण गोल फिरायला साधारण पाच फूट लागतात, आमच्याकडे पलंग आणि कपाटामध्ये तेवढी जागा नाहीच, म्हणून सगळं एकाच भिंतीला घेतलं, आत्या सरळ आत जाते आणि रिव्हर्सने बाहेर येते.

मग खुर्ची पक्की करा. हे आम्ही विसरलो होतो. पहिल्या दिवशी खिडकीच्या ग्रिलला व्यायामाचा रबरी बँड बांधला, आत्याने ओढला, ब्रेक लावलेला असूनसुद्धा अख्खी खुर्ची लादीवरून सरकत ग्रिलकडे गेली. ब्रेक चाक फिरू देत नाही, पण गुळगुळीत लादीवर घसरायचं ते घसरतंच. मिस्त्रींनी दोन लाकडी गुटके करून दिले, खाली रबर चिकटवलेलं, दोघांना जोडणारी एक पट्टी, ती भिंतीला टेकवून ठेवलेली, खुर्ची पुढे आणली की मोठी चाकं गुटक्यांना अडतात. बँड पाठीमागून पुढे ढकलायचा असेल तर प्रकार उलटा, तेव्हा खुर्ची मागे कलंडू शकते, म्हणून खुर्चीची पाठ भिंतीला टेकवूनच करायचं.

दम लागणारा व्यायाम. पायाने मारायची ती छोटी पेडल सायकल मिळते ना, जमिनीवर ठेवायची, तीच टेबलावर चढवून हाताने फिरवायची. पण नुसती ठेवली की ती टेबलावर नाचत सुटते. १८ एमएमच्या प्लायचा दोन फूट बाय दीड फूट तुकडा घ्या, सायकलचे पाय त्याला पट्ट्यांनी स्क्रू करा, आणि प्लाय दोन सी-क्लॅम्पने टेबलाला आवळा. प्लायची आपल्याकडची कड अर्धगोल कापून घ्या म्हणजे पोट आत बसतं आणि पेडल जवळ येतं. पेडलचा मधला दांडा खांद्याच्या रेषेत किंवा जरा खाली यायला हवा आणि हात सगळ्यात लांब जातो तेव्हाही कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे, नाहीतर दोन दिवसांत खांदा बोंबलतो. आमचं जेवणाचं टेबल २९ इंची, गुडघे खालून आरामात जातात, सायकल वर चढवली की माप बरोबर आलं, हे नशीब.

पेडल बदलून पकडायचे दांडे लावणार असाल तर डाव्या बाजूचे आटे उलटे असू शकतात हे लक्षात ठेवा, सायकलमध्ये तसेच असतात, मी अर्धा तास जोर लावून पाना वाकवला, मग कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने हसत हसत दोन मिनिटांत काढून दिलं. आणि ताण वाढवायचा तो नॉब असतो ना, त्याच्याजवळचं लोखंड घासून चांगलंच तापतं, तिथे हात लावू नका.

ताकदीचा व्यायाम. बँड धोबीतलावच्या खेळाच्या दुकानांतून आणले, भिंतीत ठोकायचे आय बोल्ट, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेले, नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून. ग्रिल नको, ती गंजलेली असते. बाथरूमचं फायबरचं दार तर अजिबात नको. भिंत आधी ठोकून बघा, पोकळ वाजली तर ती सोडून दुसरी बघा. नव्या बिल्डिंगमधल्या आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यात साधा प्लग उपटून येतो. तीन बोल्ट एकाखाली एक लावले, गुडघ्याच्या उंचीला, छातीच्या उंचीला आणि डोक्याच्या वर. सगळ्यात खालचा मुद्दाम गुडघ्याशी घेतला, घोट्याशी असता तर आत्या वाकताना पुढे पडली असती. वरच्या बोल्टपर्यंत तिचा हातच पोचत नाही, म्हणून त्याचा बँड कायम टांगलेलाच असतो, मूठ खाली लोंबते. बाकी दोनला गिर्यारोहणवाल्यांची असते तसली कॅराबिनर कडी, एका हाताने लागते आणि निघते.

दिवसभर चाकं ढकलून पुढचे स्नायू आधीच राबत असतात, म्हणून खुर्चीवाल्यांनी ढकलायच्या व्यायामापेक्षा ओढायचे जास्त करावेत, नाव वल्हवल्यासारखे. रबराची ॲलर्जी असेल तर लॅटेक्स नसलेले बँड मागा.

शेजारच्या नानांना अर्धांगाचा झटका आलेला, उजवी मूठ वळत नाही. त्यांच्यासाठी बॅगा शिवणाऱ्याकडून दोन इंची निवारीचा पट्टा शिवून घेतला, आतून फेल्ट, वर वेलक्रो आणि डी-रिंग. पट्टा मनगटाला बसतो, रिंग कॅराबिनरला, मूठ लागतच नाही. वेलक्रोचं मोकळं टोक चांगल्या हाताच्या बाजूला ठेवून त्याला अंगठा जाईल असा फासा शिवलाय, घाबरले तर एका झटक्यात सुटता येतं. पट्टा काढल्यावर कातडी लाल झालीये का ते बघायचंच, त्या हाताला दुखलेलं कळत नाही.

वजनासाठी फार खर्च नको. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्याच बाटलीत कोरडी रेती भरली की दीड किलोच्या आसपास. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून रेती भरली की हाताला बांधता येते, किराणावाल्याच्या काट्यावर तोलून वर आकडा लिहा.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात दिव्यांग प्रौढांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा सांगितलाय, पण तो पुढचा मुक्काम आहे, सुरुवात पाच मिनिटांनी करा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम पुरे. हाताच्या व्यायामात नाडी आणि बीपी पायापेक्षा लवकर चढतं, आणि बँड ओढताना श्वास कोंडून धरू नका. आम्ही पहिल्या आठवड्यात उत्साहात अती केलं, तिसऱ्या दिवशी आत्याला चहाचं पातेलं उचलेना. पोलिओ होऊन गेलेले स्नायू दमवून तगडे होत नाहीत, उलट गळतात, म्हणून दुसऱ्या दिवशी हात जड वाटला तर सरळ निम्मं करा.

छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा असेल तर नाडी हवी तेवढी चढतच नाही, इजेच्या खाली घामही नीट येत नाही, त्यामुळे मुंबईच्या उकाड्यात पंखा आणि ओला नॅपकिन हवाच. अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला तर थांबा, ताठ बसा, पट्टे सैल करा, लघवीची नळी दुमडलीये का बघा, आणि ठणका उतरला नाही तर लगेच हॉस्पिटल. अशा लोकांनी आधी फिजिओला दाखवूनच सुरू करावं. हाजी अलीला १९५५ पासूनची सरकारी पुनर्वसन संस्था आहे, नाव ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, तिथे विचारता येईल.

पावसाळ्यात बँड चिकट होतात, टाल्कम पावडर मारून अंधाऱ्या डब्यात ठेवा. वरचा टांगलेला असतोच, म्हणून तो दर वेळी ओढून बघायचा, बारीक पांढरी भेग दिसली की फेकायचा, तुटून डोळ्यावर बसतो.

आत्याचं वेळापत्रक मालिकेवर चालतं. सुरुवातीला फक्त जाहिराती लागल्या की पेडल मारायची, मालिका सुरू की आराम. आता उलट केलंय, जाहिरातीत थांबते, आणि त्या लवकर लागत नाहीत म्हणून चॅनलवाल्यांना शिव्या घालते.