गिअरबॉक्सचा प्लग सुटत नाही? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खालचा, ऑइल सोडायचा प्लग आधी उघडणे. जुनं ऑइल घमेल्यात येतं, आणि मग कळतं की बाजूचा भरायचा प्लग जागचा हलतच नाही. आता गाडी कोरडी, चालवत गॅरेजला नेण्याचीही सोय नाही. म्हणून आधी भरायचा प्लग सोडा. तो नाही सुटला तर ऑइल आतच आहे, गाडी घेऊन निवांत कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं गॅरेज गाठा. चूक होऊनच बसली असेल तर बऱ्याच जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्सांत स्पीडोमीटर केबलच्या किंवा रिव्हर्स लाइटच्या स्विचच्या भोकातून ऑइल ओतता येतं. तिथून पातळी कळत नाही, तेव्हा गाडीच्या पुस्तकातलं माप बघून मोजूनच ओता.

दुसरी चूक पान्ह्याची. स्क्रू पान्हा किंवा बारा कोनी रिंग लावून जोर केला की प्लगचे कोपरे गोल होतात आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं. सहा कोनी गोटीच (सॉकेट) घ्या. आतून चौकोनी किंवा षटकोनी खाच असेल तर टोच्याने तिच्यातला चिखल आधी खरवडून काढा. खाचेत माती राहिली की ॲलन की अर्धीच बसते, आणि मग खाच झिजलीच म्हणून समजा. उताणं पडल्यावर डावं-उजवंही चुकतं. प्लगच्या तोंडाकडे बघून घड्याळाच्या उलट फिरवा. सोडतोय असं समजून आवळत बसणारे कमी नाहीत.

प्लग अडकतो त्यामागे बहुतेक वेळा धातूंचं भांडण असतं. केसिंग ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादी. दोन्ही ओले राहिले की ॲल्युमिनियम गंजतं आणि पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. गगनबावड्याच्या पावसात वर्षानुवर्षं फिरलेल्या, किंवा २०१९ आणि २०२१ च्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांना हे चुकत नाही. (पुरातल्या गाडीचं ऑइल दुधाळ निघालं तर आत पाणी आहे, नुसती टॉप-अप करू नका.)

तारेच्या ब्रशने प्लगची कड साफ करा, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर सोडून द्या. घाई इथेच नडते. सकाळी प्लगच्या डोक्यावर पितळी दांडा ठेवून हातोडीचे दोन-तीन सरळ ठोके द्या, केसिंगवर नाही. मग आधी किंचित आवळून पाहा आणि त्यानंतर सोडा. पकड तुटण्याची शक्यता वाढते.

तरीही नाही? मग उष्णता, पण प्लगला नाही, भोवतालच्या केसिंगला. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक सैल होतं. स्प्रे आणि ऑइल नीट पुसून हॉट एअर गन वापरा. उघडी ज्योत नको: शेजारी ॲक्सलचं रबरी सील, वर तेलकट चिखल, जवळपास पेट्रोलची नळी. आणि ब्रेक क्लिनरने धुतलेली जागा तर तापवूच नका. काहींत क्लोरीनचे द्रावक असतात, त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू निघू शकतो.

पाइप घालून लांब केलेला पान्हा हा शेवटचा उपाय, आणि तोही फक्त जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीच नाही. आधी घोड्या (जॅक स्टँड) लावा. कोपरे गेलेच असतील तर प्लगवर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. फक्त बॅटरीची वायर आधी काढा. आटे गेले असतील तर नव्या आट्यांची स्प्रिंग बसवणारे लेथवाले उद्यमनगरात सापडतात.

बसवताना वॉशरचा प्लग असेल तर वॉशर नवा घाला. ऑइल भरताना गाडी सपाट उभी हवी. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं की थांबा. पुस्तकात गिअर ऑइलचा दर्जा जीएल-४ लिहिला असेल तर दुकानदार ‘त्याहून भारी’ म्हणून जीएल-५ देईल, ते घेऊ नका. त्यातली रसायनं गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या काही पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.