परिवलनकाल मोजताय? आधी न पाहिलेल्या फेऱ्यांचा हिशोब द्या

लघुग्रहाचा परिवलनकाल (स्वतःभोवती एक फेरी मारायला लागणारा वेळ) काढला म्हणून कुणी लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या तेजस्वितेचा आलेख, पाठवला की मी आकड्याकडे शेवटी बघतो. आधी बघतो ते वेध किती रात्री घेतले आणि रोज किती वाजता घेतले. बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो.

रोज त्याच वेळी वेध घेणं

समजा तुम्ही रोज रात्री नऊ ते साडेबारा एखाद्या लघुग्रहाची तेजस्विता मोजता. उरलेले साडेवीस तास तो तुमच्या नजरेआड फिरत असतो. त्या वेळात त्याने किती फेऱ्या मारल्या हे कुणीच पाहिलेलं नसतं, सॉफ्टवेअर ते गृहीत धरतं. दिवसाला एक फेरी कमीजास्त धरली तरी सगळ्या रात्रींचे बिंदू एकाच फेरीच्या आलेखात एकमेकांवर छान बसतात. एका फेरीच्या आलेखात बहुधा दोन उंचवटे येतात; ते दोन्ही सारखे असतील तर अर्ध्या फेरीची चूकसुद्धा पचून जाते.

माझंच सांगतो. असाच एक लघुग्रह, तीन रात्री, रोज साडेतीन तास. उत्तर आलं ७.३८ तास. आलेख इतका देखणा होता की मी तो लगेच चार जणांना पाठवून मोकळा झालो. त्यातला एक मित्र पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूला राहतो. मी झोपायला गेलो की त्याचं आकाश काळोखं होतं. त्याने दोन रात्री तोच लघुग्रह पाहिला, आणि माझ्या हिशोबाने जिथे उंचवटा यायला हवा तिथे त्याला नेमका खड्डा मिळाला. खरा काळ निघाला ८.७३ तास. ७.३८ तास म्हणजे दिवसाला ३.२५ फेऱ्या आणि ८.७३ म्हणजे २.७५. फरक बरोबर अर्ध्या फेरीचा.

चुकलो याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की उत्तर माझ्याच वहीत होतं. ७.३८ खरे असते तर उंचवट्यावरून खड्ड्यात उतरायला त्याचा चौथा भाग, म्हणजे १ तास ५१ मिनिटं लागली असती. माझ्या नोंदींत जवळपास २ तास ११ मिनिटं दिसत होती. ती वीस मिनिटं मी ‘हवा खराब असेल’ म्हणून सोडून दिली होती.

तेव्हापासूनची सवय: उत्तर आलं की दिवसाला अर्धी आणि एक फेरी कमीजास्त धरून येणारे चारही काळ काढायचे, प्रत्येकाचा आलेख काढून शेजारी शेजारी ठेवायचा. एक रात्र तरी काळोख पडल्यापासून उजाडेपर्यंत द्यायची. ते शक्य नसेल तर एक रात्र मध्यरात्रीआधी आणि एक नंतर. दोन तासांचे वेध घेऊन ‘काळ सापडला’ म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

ही चूक थोरामोठ्यांनाही चुकलेली नाही. इटालियन खगोलशास्त्रज्ञ शियापारेल्लीने १८८९ मध्ये जाहीर केलं की बुध ८८ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी मारतो, म्हणजे त्याची एकच बाजू कायम सूर्याकडे असते. पुढची पंचाहत्तर वर्षं हेच चाललं. १९६५ मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या रडारने सुमारे ५९ दिवस मोजले. आजचा आकडा ५८.६५ दिवस आहे. बुध आपल्याला पुन्हा त्याच स्थितीत सुमारे ११६ दिवसांनी दिसतो. अशा तीन खेपांचे ३४८ दिवस होतात, आणि तेवढ्यात त्याच्या जवळजवळ सहा फेऱ्या होतात, ३५२ दिवसांच्या. सोयीच्या वेळी बघावं तर पुन्हा साधारण तेच डाग समोर! मधल्या फेऱ्या कुणी मोजल्याच नव्हत्या.

दोन उंचवटे हा नियम समजणं

लांबुडका लघुग्रह एका फेरीत दोनदा उजळतो आणि दोनदा मंदावतो, म्हणून पिरियडोग्रामने (चढउतार किती वेळाने परत येतो ते शोधणाऱ्या गणिताने) दिलेला काळ दुप्पट करायला शिकवतात. बहुतेकदा ते बरोबरच असतं. पण लघुग्रहांतली व्हेस्टा घ्या. तिचा चढउतार मुख्यतः पृष्ठभागावरच्या उजळ आणि काळपट भागांमुळे होतो, त्यामुळे एका फेरीत एकच उंचवटा येतो. तिचा काळ ५.३४ तास की १०.६८, हा वाद बराच काळ चालला. खरा ५.३४. चढउतार अगदी थोडा असेल तर डोळे मिटून दुप्पट करू नका. उलट, दोनेकशे मीटरपेक्षा मोठा लघुग्रह दीड तासात फिरतोय असं दिसलं तर आधी दुप्पट करून बघा. असे लघुग्रह बहुधा दगडगोट्यांचे ढीग असतात, आणि सुमारे २.२ तासांपेक्षा जोरात फिरले तर ते टिकतच नाहीत.

बाकीच्या चुका, थोडक्यात

वेळ एक्सपोजरच्या मध्याची लिहा, सुरुवातीची नाही. संगणकाचं घड्याळ रोज जुळवा.

प्रकाशाला लागणारा वेळ वजा करा. अंतर एका खगोलीय एककाने बदललं की ८.३ मिनिटांचा फरक पडतो.

ज्याच्याशी तेजस्विता ताडून बघता तो तुलनेचा तारा स्वतःच चलतारा, म्हणजे तेज बदलणारा, असू शकतो. किमान तीन घ्या.

आलेख जुळेपर्यंत एकेका रात्रीचे बिंदू वरखाली सरकवू नका. तसं केलं तर हवा तो काळ काढता येतो.

काही केल्या बिंदू बसत नसतील तर टूटाटिस हा लघुग्रह आठवा. तो कोलांट्या खात फिरतो, त्याला एक काळ नाहीच.

आणि नेमकं काय मोजताय ते लिहा. व्हॉयेजर यानाने रेडिओ लहरींवरून शनीचे १० तास ३९ मिनिटं काढली, नंतरच्या कॅसिनी यानाला तशाच लहरींत जवळपास सहा मिनिटं जास्त मिळाली. ग्रह मंदावला नव्हता, त्या लहरी ग्रहाच्या अंतर्भागाचा वेग दाखवतच नव्हत्या. कड्यांमधल्या लाटांवरून २०१९ मध्ये १० तास ३३ मिनिटं ३८ सेकंद आले.

ताऱ्यांबाबत एक

ताऱ्याच्या समोरासमोरच्या बाजूंवर डाग असले की अर्धाच काळ हाती येतो, म्हणून इथेही लोक सरसकट दुप्पट करतात. त्याआधी वर्णपटातल्या रेषांची रुंदी बघावी. त्यातून मिळतो तो फिरण्याच्या वेगाचा आपल्या दिशेने दिसणारा भाग, खरा वेग तेवढा किंवा जास्तच. सूर्याएवढ्या ताऱ्याला तो सेकंदाला ५ किलोमीटर आला, तर परिवलनकाल १०.१ दिवसांपेक्षा जास्त असूच शकत नाही. तुम्ही ८ दिवसांचे १६ केले असतील तर मुकाट्याने परत ८ वर या.