सिन बिन लावायचंय? आधी घड्याळ कुणाच्या हातात ते ठरवा

मे महिन्यात कोल्हापुरातून आतेभावाचा व्हॉइस मेसेज आला. "ताई, आमच्या मंडळाची सोळा वर्षांखालची फुटबॉल स्पर्धा भरवतोय. रेफ्रीला उलटं बोललं की दहा मिनिटं बाहेर, असा नियम करायचाय. निळी कार्डं छापून घेऊ काय?" मागनं कोणीतरी ओरडत होतं, "निळं नको, हिरवं कर, कबड्डीगत!"

छापू नकोस, एवढं तेव्हाच कळवलं. बाकीचं एका मेसेजात मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते. मी लेस्टरला राहते आणि 2018 पासून रविवारी सकाळी पुरुषांच्या अगदी खालच्या डिव्हिजनच्या मॅचेसना रेफ्री असते. पोटं सुटलेले, रात्रीची उतरलेली नसलेले, पण तोंडाने फार चपळ असे खेळाडू. 2019-20 च्या हंगामापासून इंग्लंडमध्ये या पातळीवर सिन बिन, म्हणजे खेळाडूला ठरावीक मिनिटं बाहेर बसवायची शिक्षा, सगळीकडे लागू आहे. त्यामुळे माझ्याकडे पुस्तकी ज्ञान थोडं आणि चुका करून शिकलेलं जास्त आहे.

आधी कार्डाचा विषय संपवते. सिन बिनसाठी निळं कार्ड येणार अशा बातम्या फेब्रुवारी 2024 मध्ये आल्या आणि गाजल्या. पण नियम बनवणाऱ्या आयफॅबची 2 मार्च 2024 ला स्कॉटलंडमध्ये सभा झाली, तोवर फिफाचे अध्यक्ष इन्फान्टिनो यांनी निळ्या कार्डाला साफ विरोध केला होता. ते कार्ड काही आलं नाही. सिन बिनसाठी कार्ड पिवळंच. ते दाखवायचं आणि लगेच दोन्ही हात लांब करून टचलाइनबाहेर (मैदानाच्या बाजूच्या रेषेबाहेर) बोट करायचं, म्हणजे लांबच्या प्रेक्षकालाही कळतं की हे साधं पिवळं नाही. लाल-पिवळ्याची कल्पना केन ॲस्टन या इंग्लिश रेफ्रीला सिग्नलचे दिवे बघून सुचली आणि 1970 च्या वर्ल्ड कपपासून ती रूढ झाली. दोन रंग जगभर कळतात, त्यात तिसरा घातला की मैदानावर आधी रंगावरून वाद होणार.

दुसरं, परवानगी. आयफॅबने 2017 मध्ये तात्पुरतं बाहेर काढायला मुभा दिली ती मुलांच्या, वयस्कर (व्हेटरन) खेळाडूंच्या, दिव्यांगांच्या आणि तळागाळातल्या फुटबॉलसाठी, आणि तीही संघटनेच्या संमतीने. स्पर्धा जिल्हा संघटनेच्या मान्यतेने असेल तर आधी लेखी विचारा. मंडळाची आपापसातली असेल तर नियमपत्रकात छापा आणि प्रत्येक कॅप्टनची सही घ्या. सही घेताना वाचूनही दाखवा. वाचून कोणी सही करत नाही, हे आपल्याला माहीत आहे.

आता मुख्य निर्णय: सिन बिन कशासाठी? नियमात दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक पिवळ्या कार्डाला बाहेर बसायचं, दुसरीत ठरावीक गुन्ह्यांनाच. मी दुसरी घ्या म्हणेन, आणि त्यातही एकच गुन्हा: रेफ्रीच्या निर्णयावर तोंड चालवणं. इंग्लंडमध्ये आधी 31 लीगमध्ये हेच करून पाहिलं, तेव्हा उलट बोलण्याचे प्रकार 38 टक्क्यांनी घटले होते.

काहींना वाटतं, मुद्दाम शर्ट ओढून हल्ला मोडणाऱ्यालाही बाहेर बसवावं. 2021 मध्ये युरोच्या फायनलला इटलीच्या किएलिनीने इंग्लंडच्या साकाची कॉलर धरून त्याला मागे खेचलं आणि फक्त पिवळ्यावर सुटला, तो फोटो अजून फिरतो. राग मलाही आला होता. पण वेम्ब्लीवर चार पंच आणि व्हिडिओ होता. तुमच्या मैदानावर एक रेफ्री आणि लाइनवर मंडळातलीच दोन पोरं. ओढलं की घसरला, हल्ला खरंच धोक्याचा होता की नव्हता, हे तीस मीटरवरून ठरवून दहा मिनिटांची शिक्षा द्यायची म्हणजे नवं भांडण विकत घ्यायचं. शिवी किंवा टोमणा मात्र मी स्वतःच्या कानांनी ऐकलेला असतो.

कशाला बसवायचं हेही मॅचआधी सांगून टाका. "ओ रेफ्री!" म्हणून हात वर केले तर मी कानाडोळा करते, खेळात घुसलेल्या माणसाचा तो श्वास असतो. "डोळं घरी ठेवून आलायसा काय?" हे सिन बिन. तीस मीटर पळत येऊन तोंडासमोर हातवारे, तेही. आणि आईबहिणीवरून शिवी दिली तर सरळ लाल. यात पोरांचा हमखास घोटाळा होतो. त्यांना वाटतं शिवीची किंमत आता दहा मिनिटं झाली. तसं नाही. सिन बिन ही लाल कार्डावरची सूट नव्हे. रेफ्रीशी फक्त कॅप्टनने बोलायचं, ही 2024 च्या युरोत पाळलेली पद्धतही जोडीला घ्या. अर्धी गर्दी तिथेच कमी होते.

आता घड्याळ. सगळा नियम इथे तरतो किंवा बुडतो.

शिक्षेचा वेळ मॅचच्या एकूण वेळेच्या 10 ते 15 टक्के असावा. नव्वद मिनिटांना दहा मिनिटं ठीक, पण तुमच्या पोरांची मॅच साठ मिनिटांची असेल तर सहा ते नऊ. मी सहाच ठेवेन. चाळीस मिनिटांच्या मॅचला दहा मिनिटं बसवलं तर पाव मॅच गेली.

मोजायला सुरुवात कधी? माझा पहिला सिन बिन आठवतो. ऑक्टोबरचा पाऊस, गोलपोस्टासमोर चिखल, आणि डाव्या बाजूचा बॅक माझ्या निर्णयावर टाळ्या वाजवत होता. कार्ड दाखवलं, हात लांब केले, आणि तो वळला तेव्हाच घड्याळ दाबलं. तो लाइनपर्यंत इतक्या सावकाश गेला, वाटेत दोनदा मोज्याची पट्टी सारखी केली, की दीड मिनिट त्यातच गेलं. समोरच्या टीमचा मॅनेजर माझ्यावर खेकसला आणि त्याचं बरोबर होतं. वेळ सुरू होतो तो खेळाडू बाहेर गेल्यावर खेळ पुन्हा चालू होतो तेव्हा. मध्ये कोणी जखमी होऊन खेळ थांबला तर तेवढा वेळ शिक्षेतही वाढवायचा, जसा हाफच्या शेवटी वाढवतो तसा. नाहीतर दहाजणांच्या टीमला अचानक पायात गोळे येतात. हाफटाइमला शिक्षा संपली नसेल तर उरलेली दुसऱ्या हाफच्या सुरुवातीपासून. मॅच संपली, पेनल्टीवर निकाल लागायचाय आणि तो अजून बाहेरच आहे, तर त्याला पेनल्टी मारता येते. हा नियम ऐनवेळी सांगितला तर मारामारी होईल, म्हणून पत्रकात ठळक छापा.

मी दोन मनगटी घड्याळं बांधते, डाव्या हातावर मॅच, उजव्यावर सिन बिन. एकाच वेळी दोघे बाहेर गेले की वहीत नंबर आणि मिनिट लिहिते. पावसात पेन चालत नाही, पेन्सिल ठेवा. पण तुम्हाला ही कसरत नको. कोल्हापुरात फुटबॉलला माणसांची कमी कधीच नव्हती. लहानपणी बाबांबरोबर शाहू स्टेडियमवर जायचे तेव्हा मॅच बघणारे जास्त की मॅच चालवणारे, हा प्रश्न पडायचा. मधल्या रेषेशी टेबल टाका आणि कुठल्याच टीमचा नसलेला, शक्यतो दुसऱ्या पेठेतला, शांत माणूस बसवा. तो वेळ मोजेल, पण आत सोडणार रेफ्रीच. खेळाडूने टचलाइनवर उभं राहायचं आणि रेफ्रीने हाताने बोलावलं की यायचं. चेंडू बाहेर जायची वाट बघायची गरज नाही.

बसायची जागा म्हणजे आपल्याच कोचशेजारी. वेगळा पिंजरा करू नका. प्रेक्षकांजवळ एकटं पोरगं बसवलं की त्याला चिडवणारे दहा जमतात.

शिक्षा चालू असताना त्याच्या जागी बदली खेळाडू आणता येत नाही. वेळ संपल्यावर, बदल्या शिल्लक असतील तर, आणता येतो. बाहेर बसून पुन्हा पिवळ्या किंवा लाल कार्डाचा गुन्हा केला तर त्याची मॅच तिथेच संपली आणि बदलीही नाही. आधीच बेंचवर असलेला राखीव खेळाडू बरळला तर त्याला सिन बिन नसतो, साधं पिवळं. कोचलाही तसंच.

हिशोबात इथले जुने रेफ्रीही अडखळतात, म्हणून सावकाश वाचा. एक सिन बिन आणि एक साधं पिवळं (फाउलसाठी वगैरे) मिळून लाल होत नाही, तो खेळत राहतो. दोन साधी पिवळी म्हणजे नेहमीसारखं लाल. दोन सिन बिन झाले की तो पुन्हा खेळू शकत नाही, पण दुसरी शिक्षा संपल्यावर त्याच्या जागी बदली चालतो. मी वहीत साध्या पिवळ्याला रेघ आणि सिन बिनला गोल काढते. दोन रेघा, लाल. दोन गोल, घरी.

गोलकीपरलाही सिन बिन असतो, आणि गोलमध्ये कोणीतरी लागतंच. एकदा सहा फुटी कीपर मला "आंधळी" म्हणून बाहेर गेला आणि त्याचे हातमोजे त्यांच्यातल्या सगळ्यात बुटक्या विंगरने चढवले. दहा मिनिटांत तीन गोल बसले. परत आल्यावर कीपरला वाटलं धावत जाऊन मोजे काढून घ्यावेत. ते खेळ थांबल्याशिवाय करता येत नाही हे मी त्याला सांगितलं. तो तोंड उघडणार होता, पण त्याच्याच टीमच्या दहा जणांनी मिळून त्याला गप्प केलं.

तर भावा, कार्डं छापू नकोस. त्या पैशात दोन चांगली स्टॉपवॉच घे. मोबाइलवर वेळ लावू नका, मध्येच कोणाचा तरी फोन येतो.