नादारीचा अर्ज: वकिलांना काय सांगायचं, कारकुनाकडे काय द्यायचं

पुण्यातल्या नोकरदाराचा नादारीचा, म्हणजे देणी फेडता येत नाहीत म्हणून दिवाळखोर ठरवून घेण्याचा अर्ज १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जातो. वकिलांच्या कारकुनाकडे देण्यांची यादी द्या: नाव, पत्ता, रक्कम. हातउसनेही लिहा, लाजेपोटी नेमके मामाचे पैसे गाळले जातात. मालमत्तेची यादी किमतीसह हवी.

गेल्या दोन वर्षांत फ्लॅट बायकोच्या नावे बक्षीसपत्राने केलाय? पहिल्याच भेटीत वकिलांना सांगा, कारकुनाला नव्हे. कलम ५३ खाली तो व्यवहार रद्द होऊ शकतो. हेतुपुरस्सर लपवाल तर कलम ६९ नुसार वर्षापर्यंत कैद. अर्जाआधी ज्यांचे पैसे देणं आहे त्यांतल्या एकालाच झुकतं मापही देऊ नका. तीन महिन्यांतली अशी फेड कलम ५४ मध्ये अडकते.

तारखा, नकला कारकुनाला विचारा. सल्ला फक्त वकिलांचा.